हातचं खाल्लेलं

हिरा भोईर कुणालाही जेवायला बोलवायची ती दोन कारणांनी. एक, समोरचा उपाशी दिसला म्हणून. दुसरं, तिच्या हातून त्याचं काही वाईट झालं म्हणून. पहिल्या कारणाला तांदळाची भाकरी आणि सुकट मिळायची, दुसऱ्याला चिंबोऱ्या. त्यामुळे तिच्याकडे पानात चिंबोरी पडली की जेवणारा आधी घाबरायचा आणि मग नांगी फोडायला घ्यायचा.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली. माझ्या नातीला मी तिच्या गोष्टी सांगते, तेव्हा ती विचारते, "आजी, एवढी चांगली होती तर तू तिला त्रास का द्यायचीस?" नातीला वकील करायचं घरात चाललंय. करा म्हणावं.

कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा हिरा तिथे पी.टी.ची बाई होती. मी ठाण्यात खोपटला वाढलेली, डोंबिवलीत दिलेली. त्या वयात माझं स्वतःबद्दल फार चांगलं मत होतं. साडीला कडक इस्त्री, भाषा त्याहून कडक. श ला स म्हणणाऱ्या मुलीकडे मी अशी बघायची, जणू तिनं माझ्या ताटात माती कालवली. पावसाळ्यात एकदा वर्गात गांडूळ आलं आणि मी खुर्चीवर चढले. चढले ती चढले, तिथूनच समास शिकवत राहिले, कारण उतरून मान खाली घालणं परवडणारं नव्हतं. बाहेरून जाणाऱ्या हिरानं आत येऊन ते गांडूळ दोन बोटांत उचललं, खिडकीतल्या कुंडीत सोडलं आणि दारातून म्हणाली, "शालिनीबाई, उतरा. त्याला समास आला."

सगळा वर्ग हसला. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. अर्थात तिला ते कळलंच नाही, कारण त्याआधीही बोलत नव्हते.

हिरा उंच होती, खांद्यांनी रुंद. कॉलेजात गोळाफेकीत पहिली यायची. साडीवर कॅनव्हासचे पांढरे बूट, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी. टिटवाळ्याच्या पलीकडचं काळू नदीकाठचं गाव तिचं, घर जुनं आगरी, शेतीवाडीचं. शिक्षकांच्या खोलीत ती माझ्यासारखीच पुस्तकी बोलायची, पण मैदानावर पाऊल पडलं की तिची गावची बोली सुटायची. हळू पळणाऱ्या मुलीला म्हणायची, "हलव पाय, भात झोडतंस का?" लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर शिट्टी तोंडात घालायची.

तिचा राग भडक होता आणि तो ओसरायला दुपारही लागायची नाही. मग सुरू व्हायचं ते दुसरंच. एकदा उशिरा आलेल्या एका मुलीला तिनं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मुलगी अर्ध्यातच मटकन खाली बसली. घरून काही खाऊन आलेली नव्हती, आणि ते नेहमीचंच होतं, हे नंतर कळलं. हिरानं तिला उचलून आणलं, तोंडावर पाणी मारलं, आणि त्या दिवशी पुढचा एकही तास घेतला नाही. मैदानाच्या कडेला दगडावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलंभर उकडलेले हरभरे घेऊन आली. पी.टी.च्या आधी सगळ्यांनी मूठभर खायचे, मग पळायचं. ती पद्धत ती निवृत्त होईपर्यंत चालली. मुलींना वाटायचं, शाळाच देते. हिरानं कधी खुलासा केला नाही.

माझ्या पानात पहिली चिंबोरी पडली ती स्नेहसंमेलनाच्या वेळी. मी नाटक बसवत होते. हिरानं तालीम पाहिली आणि मुलींच्या देखत म्हणाली, "ह्यातली झाडं झालेल्या पोरीच बऱ्या करतायत." मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर डबा ठेवला आणि उभीच राहिली, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. मी झाकण उघडलं, वासानं हात मागे घेतला, आणि मग दार लावून घेऊन सगळं खाल्लं. घरी जाताना तोंडात लवंग ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "दात दुखतोय का गं?" मी हो म्हटलं. पुढच्या काही वर्षांत माझे दात फार वेळा दुखले.

कारण मला युक्ती सापडली होती. चिंबोरी खावीशी वाटली की मी हिराला डिवचायची. तिच्या रांगेतून मुद्दाम वाकडी जायची, तिच्या मुलींना खेळाच्या तासाला व्याकरणाला थांबवून घ्यायची. ती भडकायची, मला चारचौघांत झाडायची, आणि दुसऱ्या दिवशी डबा. बऱ्याच वर्षांनी तिच्या ध्यानात आलं तेव्हा म्हणाली, "शाले, तू मला राबवतंस." आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. मग पुढे कधीतरी तिच्या घरी गेले असताना तिची भावजय सहज बोलून गेली की वन्सं कुणाला टाकून बोलल्या की त्या रात्री झोपत नाहीत, पहाटेच उठून वाटण वाटायला बसतात. मी ऐकून घेतलं. त्यानंतर डिवचणं कमी केलं. बंद केलं असं मी म्हणणार नाही, कारण चिंबोऱ्या खरंच चांगल्या असायच्या.

निवृत्त झाल्यावर हिरा गावच्या शेतीत उतरली. नदीकाठचा शेताचा एक तुकडा वडिलांनी तिच्या नावावर ठेवला होता. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं, तिचा भाऊ जनार्दन त्यात पहिला. हिराचा तुकडा नेमका मधोमध, त्यामुळे सगळ्यांचं अडलेलं. जनार्दन काही वाईट माणूस नव्हता. त्याला दोन मुलं, दोघांनाही शेतात उतरायचं नाही, आणि एकट्यानं किती दिवस ओढायचं हा त्याचा प्रश्न खराच होता. तो बहिणीला म्हणाला, "ताई, एक पीक काढून दाखव. भात घरात आलं तर मी परत विषय काढनार नाय. नाय आलं तर सही कर." ती हो म्हणाली. भावाबहिणीतला शब्द, कागदबिगद काही नाही.

त्या पावसात तिनं भात लावलं. मी भाद्रपदात गेले तेव्हा शेत बघून मलाच भरून आलं, आणि मी काही निसर्गानं भरून येणारी बाई नाही. पण एका बाजूनं पीक आडवं झालेलं होतं. मुळासकट उपटलेलं, चिखलात लोळलेलं. म्हणाली, डुक्कर. नदीकाठच्या झाडीतून येतं. तिनं सगळं करून पाहिलं होतं. न्हाव्याकडचे केस आणून बांधावर टाकले, डबे वाजवले. मग मी आमच्या सोसायटीतून जुन्या साड्या गोळा करून नेल्या आणि आम्ही त्या काठ्यांना बांधून शेताला कुंपण केलं. रानडुक्कर रंगीत फडफडणाऱ्या कापडाला बिचकतं म्हणतात. हे बिचकलं नाही. आमच्या तळमजल्याच्या देशमुखबाईंच्या पैठणीखालून वाट काढून ते आत गेलं.

शिकारीचं नाव आधी मी काढलं. आता इथे एक सांगायला हवं. शाळेत असताना मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की माझे आजोबा साताऱ्याकडे शिकारी होते आणि रानडुक्कर त्यांनी समोरून मारलेलं होतं. आजोबा कारकून होते. साहेब शिकारीला जायचा तेव्हा हे त्याचा जेवणाचा डबा सांभाळत झाडाखाली बसायचे, आणि एकदा डुक्कर दिसलं तेव्हा डबा टाकून झाडावर चढले. हिराला मात्र माझी ऐटीतली गोष्टच ठाऊक होती. तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "तुझ्या घरात शिकार आहे. तूच सांग, कशी करायची?" माझी साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते आणि घरात रोजचं तेच वरणभात होतं. मी पदर खोचला आणि म्हटलं, करू या.

आठवड्यातून दोनदा मी टिटवाळ्याला जायला लागले. घरी सांगितलं, गणपतीला जाते. सुनेला माझ्या अचानक वाढलेल्या भक्तीचं कौतुक वाटत होतं. उतरून रिक्षा, मग बांधाबांधानं चालत हिराकडे. ती खळ्यावर पांढऱ्या फक्कीनं शेताचा नकाशा काढायची, जसं क्रीडास्पर्धेचं मैदान आखतात तसं. नदी इथे, झाडी इथे, हाकारे ह्या बाजूनं येतील, बंदूकवाला उत्तरेच्या बांधावर. जनावर झाडीतून उघड्यावर आलं की ती एक लांब शिट्टी देणार, तेव्हा सगळ्या हाकाऱ्यांनी जमिनीवर आडवं व्हायचं, मगच गोळी. कुणाला इजा होता कामा नये, हे तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं की मी झोपेतही आडवी व्हायला लागले. मी आजोबांच्या नावानं वाटेल त्या सूचना करायची. वाऱ्याची दिशा, पौर्णिमा, लसणाचा वास. ती सगळ्या मन लावून ऐकायची आणि त्यातली एकही वापरायची नाही.

परवानगी लागते. एका कचेरीत विचारलं, त्यांनी आधी एकच विचारलं, शेपूट सरळ की वाकडं? सरळ असेल तर रानातलं, ते आमचं. वाकडं असेल तर गावातलं सुटलेलं डुक्कर, ते दुसऱ्या कचेरीचं. हिरा तिथे खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, नीट दिसलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या बुटाची नाडी सुटली ते हिला दिसायचं. पण मी पुढे झाले आणि म्हटलं, सरळ. साहेब, काठीसारखं सरळ. आमच्या घरात शिकार आहे. परवानगी मिळाली, एक परवान्याचा बंदूकवालाही मिळाला.

त्याच सुमारास माझ्या पानात पुन्हा चिंबोरी यायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं, शिकारीच्या मदतीबद्दल. दुसऱ्यांदा मी आठवून पाहिलं, हिनं मला काही लागेलसं बोलल्याचं आठवेना. तिसऱ्यांदा चिंबोऱ्या आणि वर निवट्या, चिखलातली मासळी. मी म्हटलं, "हिरे, काय केलंयस माझं?" ती म्हणाली, "जेव गप." नुसती मलाच नाही, घरात जनार्दनाच्या पानात तेच, आणि शेजारी, हाकाऱ्याला येणाऱ्या माणसांकडे, सगळीकडे डबे चालले होते. सगळ्या गावाचं हिनं काय वाईट केलंय, ते मला कळेना. मी फार खोलात गेले नाही. माझं चित्त बुटांत होतं. नातवाचे खेळाचे बूट शिकारीला चालतील का, ह्या विचारात.

त्या गावात पारधीला निघण्याआधी एक रीत असते. गावदेवीपुढे सगळे जमतात, आणि ज्याच्या शेतासाठी पारध, त्यानं नारळावर हात ठेवून सांगायचं की हे जनावर माझ्या हातचं खाल्लेलं नाही. गणूकाका म्हणून गावातले म्हातारे होते, ते हे विचारायचे. तरुणपणी ते स्वतः पारधीत पुढे असत. मी त्यांना आदल्या आठवड्यात विचारलं होतं, ही रीत कशासाठी. बिडी विझवून म्हणाले, "हातचं खाल्लं की जनावराचं भेव जातं. त्याचं भेव आपुनच काढून घेतलेलं असतं ना बाय. मंग त्याला मारनं…" आणि त्यांनी बिडी पुन्हा पेटवली.

रविवारी सकाळी देवळापुढे माणसं बसली होती. बायका एका बाजूला, मी हिराला खेटून. कुणीतरी मांसाचे वाटे ठरवत होतं, कुठल्या घरी किती, बाळंतीण असेल तिथे आधी. जनार्दनाची थोरली सून नुकती बाळंत झालेली, म्हणजे पहिला वाटा हिराच्याच घरी. थट्टा चालली होती. एकानं मला विचारलं, मास्तरीणबाय, तुमचा वाटा डोंबिवलीला कसा न्यायचा? दुसरा म्हणाला, पैठणीत बांधून.

गणूकाकांनी नारळ पुढे केला. "हिरे, बोल. तुज्या हातचा खाल्लेला नाय ना?"

तिनं हात ठेवला. आणि बोलेना. एवढा मोठा पंजा तिचा, नारळ दिसतही नव्हता. कुणी खोकलं. मला वाटलं, सगळी इतक्या दिवसांची तयारी हिच्या लाजण्यापायी फुकट जाते की काय. मी तिला कोपरानं ढोसलं.

ती म्हणाली, "नाय."

नारळ फुटला. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. खोबरं वाटायला लागले होते, मला त्यातला मोठा तुकडा हवा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळे आखल्या जागी उभे होते. पी.टी.च्या बाईनं आखलेलं. कुणाचा पाय रेषेच्या बाहेर नव्हता. मी बांधावर, तिच्या मागे, नातवाच्या बुटांत. तिच्या ओठांत शिट्टी. नदीकडून हाका सुरू झाला, डबे, थाळ्या, आरोळ्या. झाडीत हललं. लव्हाळं बाजूला झालं आणि ते उघड्यावर आलं.

माझ्या डोक्यात आजोबांच्या गोष्टीतलं डुक्कर होतं, अंगावर येणारं. हे चालत आलं. मागचा एक पाय ओढत, एवढ्या आवाजातही न बिथरता, पानं वाढलेल्या घरात नेहमीचा पाहुणा यावा तसं. पाठीवर पांढरा डाग. शेपूट वाकडं, स्वच्छ वाकडं. भातातून सरळ हिराकडे आलं, तिच्यापासून दोन हातांवर थांबलं आणि तोंड वर करून तिच्या हातांकडे बघत राहिलं.

शिट्टी वाजली नाही.

हाकारे उभेच होते, त्यांना आडवं व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. बंदूकवाल्यानं नळी खाली केली. एकेक करून थाळ्या थांबल्या. सगळं गाव बघत होतं आणि ते जनावर फक्त तिला बघत होतं. गणूकाका बांधावरून हळूहळू चालत आले. मला वाटलं, ओरडतील. देवीपुढे खोटं बोललीस म्हणतील. त्यांनी डुकराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मुंडासं सोडून परत बांधत म्हणाले, "ह्यो तुजा हाय, हिरे." आणि माघारी फिरले. त्यांच्यामागे बाकीचे. जाताना कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ती बांधावरच बसली. मीही बसले. मग तिनं सांगितलं. जूनमध्ये ते लहान होतं, टिटवाळ्याच्या नव्या इमारतींकडून कुठून तरी भरकटून आलेलं. तिच्या राबात, भाताच्या कोवळ्या रोपांत, तोंड घालत होतं. तिनं दगड मारला. तिचा हात गोळाफेकीचा, नेम चुकला नाही. पाय मोडला. "पोरासारखं रडलं गं ते." दुसऱ्या दिवशी तिनं बांधावर भाकरी ठेवली. एकदाच म्हणून. मग ते रोज यायला लागलं. मोठं झालं, भाकरीनं भागेना, भातात शिरलं. तिच्यानं हाकलवेना आणि कुणाला सांगवेना, कारण ह्या भातावर भावाशी शब्द लावलेला.

मी विचारलं, मग शिकारीला हो का म्हणालीस?

"मला वाटलं, सगळ्यांनी मिळून केलं की माझ्या एकटीचं राहणार नाही."

 माझं एक कोपर होतं त्या सगळ्यात, ते मी नुसतं पदराखाली घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, की तू ढोसलंस म्हणून. कधीच म्हणाली नाही. म्हणाली असती, भडकली असती, तर दुसऱ्या दिवशी डबा आला असता आणि फिटलं असतं. माझ्यावर ती त्यानंतर कधी भडकलीच नाही.

भात निघालं. अर्धं गेलं होतं, तरी कणगीचा तळ झाकून वर येईल एवढं निघालं. जनार्दन स्वतः म्हणाला, "ताई, घरात आलं ना? माजा शब्द म्हंजे शब्द." त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला, आणि बिल्डरची माणसं त्याच्या ओटीवर बसलेली होती. मला त्या माणसाबद्दल तेव्हा फार बरं वाटलं. मी हिराला म्हटलं, संपलं, शेत राहिलं तुझं. ती म्हणाली, "नारळावर हात ठेवून खोटं बोलले. त्या शेताचं भात मला गिळवणार आहे का?"

मी माझं सगळं व्याकरण पणाला लावलं. म्हटलं, तू खाऊ घातलंस हा काय गुन्हा आहे? म्हटलं, हातचं म्हणजे हातातून, तू तर बांधावर ठेवलीस. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी खुर्चीवर उभी असल्यासारखं मला वाटलं.

ते सगळं भात तिनं गावदेवीच्या भंडाऱ्याला दिलं. दाणासुद्धा ठेवला नाही. गाव जेवलं. मी पंगतीत वाढत होते, हिरा चुलाण्यापाशी, तोंड धुरात. गणूकाकांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि मला म्हणाले, तिला सांग, भात मोकला झालाय. मी जाऊन सांगितलं. तिनं मान हलवली. देवीनं केलं असेल माफ, गणूकाकांनी तर नक्कीच केलं, जनार्दनाच्या मनात तर कधी काही नव्हतंच. पण तिचं काही मिटलं नाही. दिवाळीनंतर तिनं स्वतःहून भावाला सांगितलं, कागद आण. जनार्दन रडला. ती सही करून आली आणि संध्याकाळी भावजयीबरोबर वाल सोलायला बसली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही दिवसांनी. मशीनं यायची होती, झाडी आधी साफ करणार होते. म्हणजे ते डुक्कर तिथे राहिलं तर मशीनखाली जाणार किंवा कुणीतरी मारणार. हिरानं ठरवलं होतं की त्याला हाकलून लावायचं, नदीपलीकडे, जिकडे अजून रान आहे तिकडे. मी बांधावर उभी होते. नुसत्या धसकटांचं शेत, मधे ते जनावर. तिनं दगड उचलला आणि मारला. मुद्दाम बाजूला, पण जोरात, ओरडून. ते दोन पावलं तिच्याकडे आलं. तिनं दुसरा मारला, अगदी त्याच्या पायाशी. ते आणखी जवळ आलं. त्याला आयुष्यात एकच ठाऊक होतं, की ह्या बाईनं दगड मारला की मागाहून भाकरी येते.

तिच्या हातून दगड पडला.  मग मला म्हणाली, "शाले, तू जा. उशीर होईल तुला." मी म्हटलं, थांबते. ती म्हणाली, जा. तिनं मला मैदानावरच्या आवाजात सांगितलं असतं तर मी थांबले असते. ती पुस्तकी भाषेत म्हणाली, म्हणून निघाले.

पुढे माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मग आज जाऊ उद्या जाऊ असं होत राहिलं, आणि एका दुपारी जनार्दनाचा फोन आला. ते जाऊ दे. माझ्या डोळ्यांपुढे राहिलीय ती रस्त्यावरून दिसलेली. रिक्षात बसण्याआधी मी वळून पाहिलं. हिरा नदीकडे चालली होती, उथळ पाण्याच्या बाजूनं, साडी वर खोचून. ती मागे बघत नव्हती. ते लंगडत तिच्या मागे. आणि तिनं दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, पंजे उघडे, बोटं पसरलेली, त्याला नीट दिसावेत असे. काही नव्हतं त्यांत. ते तरी चाललं होतं.